राघोबा आचाऱ्याची दाढ

निंबर्ग्याच्या आसपास कुठंही लग्न ठरलं, की मुलीचा बाप पत्रिका छापायच्या आधी राघोबाच्या दारात यायचा. मंडपवाला दुसरा मिळतो, बँडवाला मिळतो, पण राघोबा आचारी त्या तारखेला मोकळा हवा. घर मराठी असो की कानडी, गव्हाची हुग्गी म्हणजे खीर, भरली वांगी आणि वर तरी आलेली आमटी करावी ती राघोबानंच. अख्ख्या गावाला पुरेल एवढ्या पातेल्यात तो मीठ मुठीनं टाकायचा आणि ते कधी चुकायचं नाही. पळीतली चार थेंब आमटी तळहातावर घ्यायची, जिभेच्या टोकाला लावायची, डोळे मिटून जरा थांबायचं. त्यानं "झालं" म्हटलं की चुलीखालची लाकडं ओढली जायची. त्याच्यामागून दुसरं कुणी चव बघत नसे.

घरात मात्र ही जीभ जरा जास्तच चालायची. बायको जाऊन काही वर्षं झाली होती. मुलगा तानाजी टेम्पो चालवायचा, तूरडाळीची पोती सोलापूरला, हुमनाबादला पोचवायचा. त्याची बायको मंजुश्री बिदरच्या मैलूरमधली. शहरात वाढलेली, कॉलेज केलेली, मराठी, कानडी, हिंदी सारख्याच सफाईनं बोलणारी. लग्न होऊन आली तेव्हा तिनं हौसेनं वरण केलं. राघोबानं वाटीत बोट बुडवलं, चाटलं आणि काही न बोलता मिठाची बरणी पुढं ओढली. तिथून जी सुरुवात झाली ती झालीच. भाकरी थापली तर काठ जाड, भाजी केली तर फोडणी कच्ची. शेजारच्या बारशाला तर पंगतीत बसून तो मोठ्यानं म्हणाला होता, "आमच्या सुनंचं वरण म्हंजी दाळीनं आंघोळ करून टाकलेलं पाणी." बाया खो खो हसल्या. मंजुश्रीही पदर तोंडाला लावून हसली. पुढं तिनं घरात वरण करणंच सोडलं, सांबार करू लागली. राघोबाच्या ते ध्यानातही आलं नाही.

त्याच्या तोंडात अजून एक गोष्ट कायम असायची, ती म्हणजे तंबाखू. चुना लावून मळलेली चिमूट गालफडात दाबल्याशिवाय त्याला चूल पेटवता यायची नाही. कुणी बोललंच तर म्हणायचा, "तंबाखूनं जीभ मरतीय म्हन्त्यात. माझी तर धार लागतीय."

खालच्या जबड्यातली शेवटची दाढ त्याला कैक वर्षं सतावत होती. आडवी उगवलेली, अर्धी हिरड्यात, अर्धी बाहेर. दुखली की लवंग दाबायची, तुरटीच्या पाण्यानं चुळा भरायच्या, भागवायचं. यंदा आखाडात, लग्नं बंद असताना, गाल असा सुजला की घोटभर पाणी गिळता येईना. तानाजीनं ऐकलं नाही. टेम्पोत घालून बापाला गुलबर्ग्याला दातांच्या दवाखान्यात नेलं. मंजुश्रीही बरोबर गेली.

डॉक्टरीणबाई तरुण होती, बोलणं कानडी, हात झपाझप चालणारा. दाढ सरळ निघेना. हिरडी चिरली, थोडं हाड कोरलं, दाढेचे तुकडे करून काढले आणि टाके घातले. राघोबा बाहेर आला तेव्हा अर्धा जबडा बधिर, तोंडात कापसाची घट्ट घडी आणि हनुवटीवरून लाळ ओघळतेय ती त्याला कळतही नव्हती. मंजुश्रीनं रुमालानं ती टिपली. त्यानं मान फिरवली. ज्या सुनेला आपण बोटाच्या टोकावर तोललं, तिनं आपली लाळ पुसावी, हे त्याला सोसलं नाही.

सगळ्या सूचना मंजुश्रीनंच ऐकून घेतल्या. घडी तासभर दाबून धरायची. आज चूळ भरायची नाही. बर्फ कापडात बांधून गालावर बाहेरून, थोडा वेळ ठेवायचा, थोडा वेळ काढायचा. उशाला दोन उशा. खाणं मऊ आणि गार, दाणा नको, तिखट नको. उद्यापासून कोमट मिठाचं पाणी नुसतं तोंडात धरायचं आणि मान वाकवून गळू द्यायचं. दुखायचं थांबलं तरी गोळ्या संपेपर्यंत घ्यायच्या.

"आणि थुंकायचं नाही," डॉक्टरीणबाई राघोबाकडं बघून म्हणाली. "दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गाठ धरते. तीच तुमचं औषध. जोरात थुंकलात, गरम प्यालात, तंबाखू खाल्लीत, तर ती निघून येईल. मग खाली हाड उघडं पडतं. त्याचं दुखणं फार वाईट. तंबाखू तर बंदच करा, कळलं?"

राघोबानं मान हलवली.

घरी आल्यावर मंजुश्रीनं ओसरीतली बाज आत घेतली, भिंतीला लावली. बर्फ तिनं गंगव्वाच्या घरून आणला. गंगव्वा समोरच्या घरातली कानडी बाई, तिच्याकडं मोठा फ्रीज होता. पहिला दिवस राघोबाचा गुंगीतच गेला. दुसऱ्या दिवशी गाल असा फुगला, की आरशात बघून त्यानं आरसा उलटा करून ठेवला. उशीच्या अभ्र्यावर गुलाबी लाळेचे डाग पडायचे. तो उठायच्या आत मंजुश्री अभ्रा बदलायची, काही न बोलता. ज्वारीच्या पिठाची आंबील ती वेळेच्या बरीच आधी शिजवायची, फडक्यातून गाळायची, लसूण-मिरची न घालता थंड व्हायला ठेवायची. द्यायच्या आधी चमच्यातला थेंब मनगटावर टाकून बघायची, तान्ह्या लेकराचं दूध बघतात तसं.

राघोबाला ती आंबील चांगली लागली. मिठाला बरोबर होती. ताकाचा आंबटपणा जिथं थांबायला पाहिजे तिथंच थांबला होता. पण तोंड मिटलेलं होतं आणि असल्या गोष्टी बोलायची त्याला सवयही नव्हती. त्यानं वाटी रिकामी करून खाली ठेवली.

अजून एक-दोन दिवस गेले. सूज उतरू लागली, दुखणं बरंच कमी झालं. आणि दुखणं कमी झालं तशी तलफ उठली. तोंड ओशट, डोकं जड, कशात मन लागेना. एका दुपारी मंजुश्री बर्फ आणायला समोर गेली आणि गंगव्वाशी बोलत उभी राहिली. राघोबा उठला, परसातल्या खोलीत गेला. तिथं लग्नाची मोठी पातेली उपडी घालून ठेवलेली असायची. त्यातल्या एकाच्या मागं त्याची चंची होती. उजव्या बाजूला दाढ काढलेली, आपण डावीकडं धरू, डावीकडचं काय बिघडतंय, असा विचार त्यानं केला. चिमूट मळली, डाव्या गालात सरकवली. डोळे मिटले. बरं वाटलं.

आणि मग जन्माच्या सवयीनं त्यानं मोरीकडं तोंड करून एक लांब पिचकारी मारली.

काहीतरी सुटल्यासारखं त्याला जाणवलं. मोरीच्या दगडावर तंबाखूच्या पाण्यात काळपट लाल असा एक गोळा पडला होता. राघोबा त्याच्याकडं बघत राहिला. मग तांब्याभर पाणी ओतलं, दगड स्वच्छ केला, तंबाखू काढून टाकली, चंची होती तिथं ठेवली आणि येऊन बाजेवर आडवा झाला. मंजुश्री आली तेव्हा तो झोपल्याचं सोंग घेऊन पडला होता. तिनं हळूच गालावर बर्फ ठेवला.

दुसऱ्या दिवशी कळ सुरू झाली. पहिलं दुखणं बरं म्हणायची पाळी आली. जबड्यातून कानात, कानातून कपाळात, जणू कुणी तापलेली सळई फिरवतंय. तोंडाला घाण वास सुटला. गोळीनं घटकाभर कमी व्हायचं, पुन्हा उसळायचं. राघोबा बाजेवर उठून बसायचा, भिंतीला डोकं टेकायचा, पुन्हा आडवा व्हायचा. मंजुश्री घाबरली. तिनं तानाजीला फोन लावला, तो हुमनाबादहून निघाला. तो पोचायच्या आतच नागूबाई आली.

नागूबाई राघोबाची थोरली बहीण, बसवकल्याणकडं कोहिनूरला दिलेली. भावाची दाढ काढली म्हणून केळी घेऊन बघायला आली होती. भाऊ तळमळताना बघून तिचं काळीज हललं, आणि तिचं काळीज हललं की कुणाला तरी शिव्या पडायच्याच.

"काय खाऊ घातलीस गं याला?" ती मंजुश्रीला म्हणाली.

"आंबीलच दिली आत्याबाई. गार करून."

नागूबाई चुलीपाशी गेली. मंजुश्रीनं संध्याकाळसाठीची आंबील नुकतीच उतरवून ठेवली होती, भांड्यातून वाफ निघत होती. नागूबाईनं भांड्याला हात लावला आणि झटकन मागं घेतला.

"ह्ये गार म्हन्तीस व्हय? कढत हाय की! ओल्या जखमंवर कढत ओतलीस आन् वर गार म्हनून सांगायलीस?"

"ती आत्ता उतरवलीय, आत्याबाई. थंड झाल्यावर देणार होते."

"राघोबा," नागूबाई बाजेजवळ येऊन बसली. "खरं सांग बाबा. हिनं कढत देलं का न्हाई तुला?"

राघोबानं डोळे उघडले. बहीण समोर, तिच्या मागं सून. सुनेच्या डोळ्यांत भीती होती, पण भरवसाही होता. सासरा आता मान हलवील, नाही म्हणेल, याचा भरवसा. राघोबाला बोलणं जड जात होतं हे खरं. मान हलवणं जड नव्हतं. पण नाही म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, मग कशानं झालं? मोरीचा दगड त्याच्या डोळ्यांपुढं आला.

त्यानं हात वर केला आणि पंजा हलवला. जाऊ दे, अशा अर्थानं.

"बगितलीस?" नागूबाई म्हणाली. "अजून बी झाकायलाय तुझं. देवमानूस हाय माझा भाऊ."

तानाजी आला तो थकलेला, काळजीनं गांजलेला. आत्यानं दारातच त्याच्या कानावर घातलं. तो सरळ चुलीपाशी गेला.

"डॉक्टरनं चारचारदा सांगितलं हुतं ना गार द्या म्हनून? तू कामून ऐकली न्हाईस?"

"मी मनगटावर थेंब टाकून बघितलं होतं," मंजुश्री म्हणाली. "दर वेळी बघितलं."

"मग हे कसं झालं?"

"मला न्हाई माहीत."

"अप्पा येवढी वर्षं सांगायलेत, हिला चुलीचं काय कळत न्हाई. मीच येड्यावानी तुझी बाजू घ्यायलो."

राघोबा आतून हे सगळं ऐकत होता. गावभर ज्याची जीभ चालते, त्यानं सुनेच्या रांधण्याला इतकी नावं ठेवली होती, की आता त्याच्या नुसत्या गप्प बसण्याचाही निकाल झाला होता. त्यानं कूस बदलली. दुखरा गाल खाली आला. तो तसाच पडून राहिला.

सकाळी पुन्हा गुलबर्गा. दवाखान्यात गर्दी होती, लोक भिंतीला टेकून उभे होते, दाराचा पडदा अर्धा सरकलेला. डॉक्टरीणबाईनं तोंडात दिवा धरून बघितलं आणि तिचा चेहरा बदलला.

"गाठ निघून गेलीय. तंबाखू खाल्लीत?"

राघोबानं मान आडवी हलवली.

"मग?"

"गरम आंबील देली मेडम," तानाजी म्हणाला. "घरातल्यांनी."

डॉक्टरीणबाई मंजुश्रीकडं वळली आणि कानडीत तिला फैलावर घेतलं. शिकलेली दिसतेस, एवढं सांगून पाठवलं तरी कळलं नाही का, म्हाताऱ्या माणसाला किती त्रास झाला बघ. आवाज पडद्याबाहेर जात होता. बाकावरची माणसं वाकून बघत होती. राघोबाला वाटलं, आता ही बोलेल. ही गप्प बसणाऱ्यातली नाही, मनगटाचं सांगेल, भांडेल.

मंजुश्रीनं दोन्ही हात जोडले. "तप्पातरी," ती कानडीत म्हणाली. चूक झाली.

आपण खरं लपवलं याचं काल राघोबाला वाईट वाटलं होतं, पण ते भीतीच्या आड होतं. आज जे झालं ते निराळंच होतं. न केलेल्या चुकीची माफी ती भांडण टाळायला मागत नव्हती. तिला खरंच वाटू लागलं होतं की चूक आपलीच.

डॉक्टरीणबाईनं खड्डा धुतला, लवंगेच्या वासाची औषधी पट्टी आत भरली. थोड्याच वेळात कळ अशी ओसरली, की राघोबाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, दोन-तीनदा येऊन पट्टी बदलून घ्या, आज जास्त बोलू नका. राघोबानं ते शेवटचं वाक्य तेवढं घट्ट धरून ठेवलं. टेम्पोत तिघं पुढं बसले होते. खिडकीशी मंजुश्री, मांडीवर औषधांची पिशवी. आळंद मागं गेलं, तूर आणि मुगाची रानं आली. राघोबा मनात म्हणत होता, बोलायला डॉक्टरनंच मनाई केलीय.

नागूबाई जायचं नाव काढेना. तिनं चूल ताब्यात घेतली. फक्त राघोबाची आंबील तेवढी मंजुश्रीनं करायची, कारण नागूबाईच्या हाताला मिरचीशिवाय स्वयंपाक होत नव्हता. पण आता ती आंबील शिजवून थंड झाली, की मंजुश्री तिचा थेंब स्वतःच्या मनगटावर टाकून बघत नसे. वाटी घेऊन दारात जायची आणि समोर हाक मारायची. गंगव्वा यायची, करंगळी बुडवायची. "तण्णग अद," म्हणायची. गार आहे. मगच मंजुश्री वाटी बाजेजवळ आणायची. रोज, प्रत्येक वेळी. गल्लीतल्या बायांना आधी हे कळेना, मग नागूबाईनं त्यांना सगळं सविस्तर समजावून सांगितलं.

एक दिवस नागूबाई देवळात गेली होती. मंजुश्री बाजेजवळ जमिनीवर येऊन बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"मामा, एक विचारू? राग मानू नका." ती थांबली. "त्या दिवशी आंबील किती गरम होती? म्हणजे, पिताना तुम्हाला चटका बसला का नुसतं ऊन लागलं? मी मनगटावर टाकलं तेव्हा मला गारच लागलं होतं. माझ्या हाताला कळत न्हाई का काय, तेवढं मला समजायला पाहिजे. पुढं लेकरूबाळ झालं तर त्याचं दूध मी कसं बघणार?"

राघोबानं तिच्याकडं बघितलं. घरात तिसरं कुणी नव्हतं. कळ नव्हती, बोलता येत होतं. एवढं चांगलं ठिकाण आणि एवढी चांगली वेळ पुन्हा आली नसती.

"पानी दे," तो म्हणाला.

ती उठली, पाणी आणलं, तो प्यायला. ती थोडा वेळ उभी राहिली, मग आत गेली.

त्यानंतर राघोबाला काही गोड लागेना. आजवर कुणी त्याला चोर म्हटलं नव्हतं, लबाड म्हटलं नव्हतं. लग्नाघरचं तूप कधी त्यानं घरी आणलं नव्हतं. आणि आता सुनेची, तिच्या हाताची, तिच्या पुढच्या लेकरापर्यंतची खात्री तो बाजेवर पडल्या पडल्या खात होता. तिनं शिव्या दिल्या असत्या, तोंड फिरवलं असतं, तर त्याला थोडं तरी सोपं गेलं असतं. ती उशा सारखी करत होती, मिठाचं पाणी कोमट करून देत होती, त्याच्या हनुवटीखाली भांडं धरत होती. तो मान वाकवून पाणी गळू द्यायचा आणि भांड्यातच बघत राहायचा, तिच्या तोंडाकडं नाही.

मंजुश्रीनं विचारलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तानाजी घरी होता, जेवायला बसला होता. नागूबाई वाढत होती. मंजुश्रीनं दारातून हाक मारली, गंगव्वा हात पुसत आली. वाटी पुढं झाली. गंगव्वानं करंगळी काढली.

"थांब," राघोबा म्हणाला.

सगळे वळले. तो बाजेवरून उठला, भिंतीला धरून दारापर्यंत आला आणि मंजुश्रीच्या हातातून वाटी घेतली. बोलायला गेला तर आवाज बोबडा निघाला, लाळ ओठाच्या कडेला आली. त्यानं ती पुसली नाही.

"गार हाय ही. त्या दिवशी बी गारच हुती. रोजच गार हुती."

"अरे राघोबा, पडून ऱ्हा की," नागूबाई म्हणाली. "कशाला उठायलास?"

"मी तंबाखू खाल्ली अक्का. परसात जाऊन. थुंकलो, तवा गाठ पडली. मोरीत पडली, मीच धुऊन टाकली." त्याला धाप लागली. "हिनं काय केलं न्हाई."

गंगव्वाची करंगळी तशीच पुढं होती. तिला मराठी पूर्ण कळत होतं. तिनं हात हळूच पदराखाली घेतला आणि पाय न वाजवता आपल्या घरी निघून गेली.

"औषधाच्या गुंगीत बडबडायलाय," नागूबाई म्हणाली, पण तिचाच आवाज तिला पटला नाही.

तानाजीनं ताट बाजूला सारलं. तो मंजुश्रीकडं बघू शकला नाही, बापाकडंच बघत राहिला. "माझ्या तोंडून काय काय वदवून घेतलाव अप्पा," तो म्हणाला आणि हात न धुता बाहेर गेला. टेम्पोचं दार आपटल्याचा आवाज आला.

राघोबा वाटी धरून उभा होता. मंजुश्री काय म्हणेल याची वाट बघत होता. रडेल, किंवा मोठ्या मनानं जाऊ द्या म्हणेल, असं त्याला वाटलं होतं. तिच्या चेहऱ्यावर दोन्ही नव्हतं. तिनं डाव्या हातानं आपलं उजवं मनगट धरलं होतं आणि ती त्याच्याकडंच बघत होती.

"मी काल विचारलं होतं तुम्हाला," ती म्हणाली. "इथंच बसून."

"व्हय."

"मी तिथं हात जोडले, मामा. सगळ्या माणसांसमोर."

"व्हय."

"मग तिथं बी सांगा. मी असताना सांगा."

पुढं ती कामापुरतं बोलू लागली. आंबील द्यायची, गोळी द्यायची, उशा लावायची, पण मामा म्हणून हाक नाही. नागूबाईनं दोन दिवस कंबर दुखतेय म्हणून काढले आणि कोहिनूरची बस धरली. जाताना सुनेला म्हणाली, "मनात ठिवू नको गं." मंजुश्री म्हणाली, "बघते." तानाजीनं बायकोची माफी मागितली की नाही ते राघोबाला कळलं नाही. कळायचा आपल्याला हक्कही नाही, असं त्याला वाटलं. चंची त्यानं स्वतः परसातून काढून चुलीत टाकली. पण तलफ काही चुलीत जळाली नाही. ती रोज यायची, लवंगेचा तुकडा जिभेवर ठेवून तो ती काढायचा. एकदोनदा दुकानापर्यंत जाऊन परतलाही.

शेवटची पट्टी काढायला जायचं तेव्हा तानाजीला सवड नव्हती. सासरा-सून बसनं गेले. वाटेत राघोबा कानडी वाक्यं मनात जुळवत होता. दवाखान्यात नेहमीसारखीच गर्दी. नंबर आला तसा तो खुर्चीवर बसलाच नाही. पडद्याशी उभा राहिला, बाहेरच्यांना ऐकू जाईल असा, आणि हात जोडून बोलला, की मेडम, त्या दिवशी तुम्ही हिला रागावलात, पण तंबाखू मी खाल्ली होती. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं सांगितलं. हिची आंबील गार होती.

बाकावरच्या दोघातिघांनी वर बघितलं. एकजण गालातल्या गालात हसला.

डॉक्टरीणबाई हातमोजे चढवत होती. तिला पटकन काही आठवलं नाही. "असू दे, असू दे. बसा, तोंड उघडा," ती म्हणाली.

राघोबाला काय करावं कळेना. एवढं सगळं गोळा करून आणलेलं, ते जमिनीवर सांडल्यासारखं झालं. तेव्हा मंजुश्री पुढं आली.

"असू दे कसं, मेडम?" ती कानडीतच म्हणाली, आवाज न चढवता. "तुम्ही मला शिकलेली असून कळत नाही म्हणालात. याच जागी. मी माफी मागितली होती तुमची."

डॉक्टरीणबाईचे हात थांबले. तिनं मंजुश्रीकडं नीट बघितलं, आणि आता तिला आठवलं. "व्हय," ती म्हणाली. "न विचारता बोलले मी. माझं चुकलं." मग राघोबाकडं वळून जरा कडक आवाजात म्हणाली, "आणि तुम्ही आजोबा, आता बसा."

जखम भरत आली होती. गालाच्या आत तंबाखू धरायच्या जागी पांढुरका डाग होता, तो तिनं बोटानं चाचपून बघितला. तंबाखू बंद ठेवा, डाग गेला नाही तर तुकडा काढून तपासावा लागेल, पुढच्या महिन्यात दाखवा, असं बजावलं. राघोबानं सगळं मान खाली घालून ऐकून घेतलं.

बसस्टँडवर आले तेव्हा मंजुश्रीला भूक लागली होती. सकाळपासून दोघांनी काही खाल्लं नव्हतं. एका गाड्यावर कढईतून मिरची-भजी निघत होती. तिनं पैसे काढून घेऊन आपली पर्स राघोबाच्या हातात दिली, म्हणाली, "धरा मामा," आणि गाड्यापाशी गेली. कागदावर गरम भजी घेतली आणि तिथंच उभ्यानं, फुंकर मारत, सावकाश खाऊ लागली. सासऱ्यासाठी काही मऊसर बघावं, असं तिनं आज मनात आणलं नाही. राघोबा लाल रंगाची पर्स छातीशी धरून फलाटावर उभा राहिला. येणारे-जाणारे बघत होते. त्यानं ती लपवली नाही.

निंबर्ग्याची बस लागली. कंडक्टरनं घंटी ओढायला हात वर केला. मंजुश्रीच्या कागदावर अजून दोन भजी शिल्लक होती आणि तिला घाई दिसत नव्हती. राघोबा पायरीवर एक पाय ठेवून उभा राहिला आणि बोबड्या तोंडानं म्हणाला, "जरा थांब की रे अण्णा. सून खायलीय."